वाडा उतरवला, नवीन उभं राहत नाही: बडोद्याच्या जुन्या शहरातल्या रखडलेल्या पुनर्बांधणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी, नवापुरा या भागांत वाडा किंवा जुनी सोसायटी पाडून झाली आणि पुढे काहीच हललं नाही, अशा घरमालकांसाठी, भाडेकरूंसाठी आणि शेजाऱ्यांसाठी हे प्रश्नोत्तर आहे. ज्यांनी अजून कुदळ मारलेली नाही त्यांनी पहिले सहा प्रश्न दोनदा वाचावेत. रखडण्याची कारणं बहुतेक वेळा पाडण्याच्या आधीच तयार झालेली असतात.

महापालिकेची नोटीस आली आहे. सगळा वाडा पाडावाच लागेल का?

नाही. जर्जर घरांना महापालिकेच्या निर्भयता शाखेकडून (धोकादायक इमारती पाहणाऱ्या विभागाकडून) येणारी नोटीस गुजरातच्या १९४९ च्या महापालिका कायद्यातल्या कलम २६४ खाली असते. धोकादायक भाग काढा, बांधून मजबूत करा किंवा दुरुस्त करा, असे तिन्ही पर्याय त्या कलमात आहेत. कलम २६८ खाली घर रिकामं करण्याचा आदेशही निघू शकतो, पण रिकामं करणं वेगळं आणि पाडणं वेगळं. घाबरून लोक सगळंच उतरवतात, आणि मग कळतं की मागची चौक-सोप्याची बाजू अजून वीस वर्षं टिकली असती.

नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल जोडून उत्तर द्या. कोणता भाग उतरवणार, कोणता टेकू देऊन ठेवणार आणि किती दिवसांत, हे उत्तरात लिहा. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. गप्प बसलात तर महापालिका स्वतः पाडू शकते आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू शकते.

नोटीस मात्र हलक्यात घेऊ नका. २०१३ साली अटलादऱ्याच्या माधवनगरात दोन तीनमजली इमारती पहाटे कोसळल्या आणि अकरा जण गेले. त्या तर वाड्यांच्या मानाने नव्याच होत्या.

पाडण्याआधी हातात नेमकं काय असायला हवं?

सर्वांत आधी रजाचिठ्ठी, म्हणजे नव्या बांधकामाची मंजुरी. "पाडून घेऊ, नकाशा नंतर टाकू" या एका वाक्याने जितक्या जागा ओस पाडल्या तितक्या दुसऱ्या कशाने पाडल्या नसतील. काम सुरू झालं नाही तर मंजुरीही वर्षभरात संपते. अर्ज करून ती वर्षावर्षाने वाढवता येते, पण ही वाढ बेमुदत मिळत नाही. तेव्हा रजाचिठ्ठी, पैसा आणि रिकामा ताबा या तीन गोष्टी एकाच हंगामात जुळल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट म्हणजे उभ्या घराची मोजणी. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं. घर पडल्यावर कोणाच्या ताब्यात किती होतं याचा पुरावा ढिगाऱ्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये जातो, आणि पुढची दहा वर्षं "आमची खोली बारा बाय चौदा होती" एवढ्यावर भांडण चालतं. म्हणून १:१०० मापाचा नकाशा काढून घ्या. प्रत्येक खोलीचं आतलं माप, ती वापरणाऱ्याचं नाव, माळा, ओटला, जिना, संडास, सामाईक चौक हे सगळं त्यात दाखवा. प्रत्येक पानावर सगळ्या वहिवाटदारांच्या सह्या घ्या आणि तारीख दिसेल असे फोटो जोडा. सोबत सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, वेऱ्याची (म्हणजे घरपट्टीची) शेवटची बिलं, प्रत्येकाचं लाइट बिल आणि भाड्याच्या पावत्या ठेवा. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्रफळ आणि जागेवरचं माप जुळत नसेल तर डीआयएलआरकडून (जिल्ह्याच्या जमीन-नोंदींच्या कचेरीकडून) मापणी करून घ्या, तीही घर उभं असतानाच, कारण शेजाऱ्याच्या भिंतीचा कोपरा तेव्हाच निर्विवाद दाखवता येतो.

मापांतही गोंधळ होतो. म्हातारी माणसं वारात बोलतात, कार्ड चौरस मीटरमध्ये असतं आणि बिल्डर चौरस फुटांत. एक चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. करारात एकच माप लिहा, आणि ते कार्पेटचंच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचंच लिहा. सुपर बिल्टअपच्या आकड्यात जिना, पॅसेज, टाकी काय काय मावेल याला धरबंध नाही.

रस्ता रेषा म्हणजे काय? घर पाडल्यावर पुढची जागा जाते म्हणतात.

खरं आहे. महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची रेषा ठरवलेली असते. जुनं घर त्या रेषेच्या पुढे आलेलं असलं तरी उभं असेपर्यंत सहसा कोणी हात लावत नाही. पाडून नव्याने बांधायला गेलात की मागे सरकायला सांगितलं जातं. गेलेल्या जागेची भरपाई मागता येते, पण मागावी लागते, आपोआप येत नाही.

१२ फूट रुंद आणि ४५ फूट खोल जागेतून पुढचे ६ फूट गेले तर ५४० चौरस फुटांचे ४६८ उरतात. त्यातून जिना आणि शाफ्ट वजा केल्यावर दोन भावांना दोन मजले देण्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून रस्ता रेषेचा दाखला पाडण्याआधी काढा. रेषा खोल घुसत असेल तर दुरुस्तीचा पर्याय पुन्हा तपासा. त्यातही रेषेच्या पुढचा भाग उघडून नव्याने बांधण्याइतकं काम काढलं तर मागे सरकण्याचा प्रश्न तिथेही येतो, म्हणून इंजिनिअरला कामाची व्याप्ती आधी ठरवायला सांगा.

आमचं घर तांबेकर वाड्याच्या मागच्या गल्लीत आहे. नियम वेगळे आहेत का?

वेगळे आहेत, आणि इथे चूक झाली तर ती निस्तरत नाही. तांबेकर वाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. प्रतापनगरकडचा हजिरा हा मकबरासुद्धा. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असतं, आणि तिथून पुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरण सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन करता येतं. नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन नवंही बांधता येतं.

आता यातली मेख पाहा. दुरुस्ती उभ्या घराची होते. १०० मीटरच्या आतला वाडा तुम्ही जमिनीपर्यंत उतरवलात तर दुरुस्त करायला काही उरतच नाही, आणि नवं बांधायची मुभा नाही. जागा तुमची, कार्ड तुमचं, वेरा तुमचा, आणि वर फक्त आकाश. अशा घरात भिंती आणि सांगाडा शाबूत ठेवून टप्प्याटप्प्याने काम करायचं: आधी छप्पर, मग एकेका खणातल्या कुजलेल्या तुळया, मग गिलावा. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात, त्यामुळे गूगल नकाशावर बोट ठेवून "आपण बाहेर आहोत" असं ठरवू नका.

अशांत धाऱ्याचा पुनर्बांधणीशी काय संबंध?

जुन्या शहराचे काही भाग १९९१ च्या अशांत विस्तार (म्हणजे अशांत भाग) कायद्याखाली जाहीर झालेले आहेत, त्यालाच अशांत धारा म्हणतात. तिथे मिळकत हस्तांतरित करायला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते, ती नसेल तर व्यवहार रद्दबातल ठरतो. घरच्यांनीच बांधून घरच्यांनीच राहायचं असेल तर अडचण नाही. पण बिल्डरच्या नावे हिस्सा करायचा असेल किंवा वरचे फ्लॅट विकून खर्च काढायचा असेल तर प्रत्येक दस्तावेजाला ही परवानगी लागेल. त्यात जाणारे महिने वेळापत्रकात आधीच धरा. तुमचा सर्व्हे नंबर त्यात येतो का, हे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत विचारून घ्या.

पुण्याचा आतेभाऊ सही देत नाही. त्याचा हिस्सा अगदी थोडा आहे. त्याच्याशिवाय पुढे जाता येईल का?

हिस्सा एक चोविसांश असला तरी तो सहमालक आहे. त्याच्या सहीशिवाय नकाशा अडतो, बँक कर्ज देत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला की पुढे घेणारा प्रत्येकजण त्या दाव्याला बांधला जातो. म्हणून पाडण्याआधी वारसाई पूर्ण करा. मुलींची नावं वगळून वारसाई केली असेल तर ती दुरुस्त करून घ्या. आत्याबाईंनी कधी काळी तोंडी "मला काही नको" म्हटलं होतं, ते कागदावर शून्य आहे. नोंदवलेला हक्कसोड लेख लागतो.

परदेशातल्या वारसाचं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून किंवा तिकडचं अपोस्टिल लावून येतं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. पाकिटातच सहा महिने पडून राहिलेली मुखत्यारपत्रं कचेरीत नाकारली जातात.

सही मिळणारच नसेल तर वाटपाचा दावा हाच रस्ता. निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेले सहमालक १८९३ च्या वाटप कायद्याखाली मिळकत विकण्याची मागणी कोर्टाकडे करू शकतात आणि बाकीच्यांना ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा घेण्याची संधी मिळते. वेळ लागतो, पण घर उभं ठेवून चालवलेला दावा रिकाम्या जागेवरच्या दाव्यापेक्षा बरा. निदान कोणीतरी तिथे राहत असतं.

वाडा पडला, आता भाडेकरूचा हक्क संपला ना?

घरमालकांचा हा आवडता गैरसमज आहे. शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही. भाडेकरूचा हक्क जमिनीपुरता टिकतो. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दुकानदाराला बाजूला ठेवून केलेला नकाशा कोर्टात अडकणार हे धरून चला.

नव्या बांधकामासाठी भाडेकरूकडून ताबा घ्यायचा तर १९४७ च्या जुन्या भाडे कायद्यात कलम १३ मध्ये त्याची तरतूद आहे. तिच्यासोबत अटी आहेत: पैसे तयार असणं, नकाशा आणि अंदाजपत्रक तयार असणं, ठरलेल्या मुदतीत पाडणं आणि बांधणं. या मार्गाने ताबा दिलेल्या भाडेकरूने सहा महिन्यांच्या आत "नव्या इमारतीत मला जागा हवी" अशी नोटीस घरमालकाला द्यायची असते. ही नोटीस विसरणं ही भाडेकरूची सर्वांत महागडी चूक.

आपसात जमवायचं असेल तर जागेचं माप, मजला, तोंड कुठल्या बाजूला, नवं भाडं किंवा मालकी आणि मधल्या काळाचं भाडं हे नोंदवलेल्या करारात येऊ द्या. नोटरीचा शिक्का पुरेसा नाही.

पाडकामाच्या कंत्राटात काय लिहायचं?

आधी जोडण्या तोडा. एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडून मीटर कायमचं बंद झाल्याचा कागद, पाइप गॅस बंद, नळ आणि ड्रेनेजच्या तोंडांना बूच. गॅसची लाइन जिवंत ठेवून कोपऱ्यातली भिंत ओढणारे कंत्राटदार असतात.

मग सागवान. जुन्या वाड्यात खरा पैसा खांब, तुळया, कडीपाट, कोरीव तोडे आणि दरवाजांत असतो. म्हणूनच कंत्राटदार उलट तुम्हालाच पैसे देऊ करतो. ती रक्कम मोठी वाटते ती लाकूड मोजलेलं नसतं म्हणून. मोजणी सोपी आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. १२ फूट लांब, ८ इंच रुंद, ६ इंच जाड तुळई म्हणजे ४ घनफूट. सगळ्या नगांची यादी करून मग भाव विचारा.

पाडण्याचा क्रम वरून खाली: कौलं किंवा पत्रे, वासे, वरच्या मजल्याची जमीन, मग भिंती. खालून भिंत पोखरून वरचा भाग ओढून पाडायचा नाही. भारतीय मानक ४१३० हे याच कामाचं आहे आणि करारात त्याचा उल्लेख हवा. माती, विटा-चुना, काँक्रीट आणि लोखंड-लाकूड हे चार ढीग वेगळे ठेवायला लावा. मिसळलेला मलबा कोणी घेत नाही आणि तो रात्री तुमच्याच जागेत परत येऊन पडतो.

शेजारचा वाडा उतरवला आणि काम थांबलं. आमची भिंत उघडी पडली आहे. काय करावं?

हा प्रश्न फार घरांचा आहे. पोळातली (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्ती) आणि गल्लीतली घरं एकमेकांना टेकून उभी असतात. मधली भिंत सामाईक, बहुतेक वेळा माती किंवा चुन्यात बांधलेल्या विटांची. तिला दोन्ही बाजूंच्या तुळयांनी धरून ठेवलेलं असतं. एका बाजूच्या तुळया निघाल्या की भिंतीचा आधार जातो आणि कधीही पाऊस न पाहिलेल्या विटा उघड्या पडतात. त्यामुळे धोका पाडकामाच्या दिवशी कमी आणि पहिल्या पावसाळ्यात जास्त असतो.

आधी भिंत हलते आहे का ते बघा. वरून ओळंबा सोडा आणि तीन उंचींवर भिंतीपासूनचं अंतर खडूने तिथेच लिहून ठेवा, दर रविवारी पुन्हा मोजा. तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवा आणि तारीख टाका. काच फुटली तर तडा वाढतो आहे. आकडा सारखा एकाच दिशेने जात असेल तर त्या भिंतीलगतची खोली रिकामी करा, चर्चा नंतर.

टेकू दोन तऱ्हांचे. समोर मोकळी जागा असेल तर तिरपे टेकू, जमिनीशी साधारण ६० ते ७५ अंशांत, ३ ते ४.५ मीटर अंतराने. दोन घरांच्या मधलं एकच घर पडलं असेल तर आडवे टेकू चांगले, एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. मधली फट ९ मीटरपर्यंत असेल तर एकेरी आडवा टेकू चालतो, आणि खाली काम करायला जागाही मोकळी राहते. टेक भिंतीच्या मधल्या पोकळ भागावर नको, मजल्याच्या पातळीवर हवा, जिथे आतून जमीन भिंतीला धरते.

मग पाण्याचा बंदोबस्त. तुळया निघाल्यावर राहिलेली भोकं विटांनी घट्ट भरा, रिकामी सोडलीत तर पाणी तिथून भिंतीच्या पोटात शिरतं. उघड्या भिंतीला चुन्याचा गिलावा द्या. मातीच्या जोडणीवर कडक सिमेंटचा थर लावला की आतली ओल अडकते आणि दोन वर्षांत थर विटांसकट सुटतो. भिंतीच्या माथ्यावर पत्र्याची टोपी बसवा, तिची कड दोन्हीकडे ३ इंच बाहेर. खर्च कोणाचा? पाडणाऱ्याचा, कारण आधार त्याने काढला. पण आधी भिंत वाचवा, बिलं आणि फोटो जपा, आणि मग लेखी मागणी करा.

खड्डा खणून ठेवला आहे आणि पावसाचं पाणी भरलं आहे.

एका दिवसात सगळं उपसू नका. पाणी झपाट्याने खाली गेलं की शेजारच्या पायाखालची बारीक माती पाण्याबरोबर खड्ड्यात येते. थोडं थोडं उपसा, कडा बघत राहा. जुन्या वाड्यांचे पाये उथळ असतात. नवा खड्डा त्यांच्या खाली गेला असेल तर शेजारच्या भिंतीलगत १ ते १.५ मीटर रुंदीची माती न खणता सोडायला हवी होती. सोडली नसेल तर परत भरा.

भरताना मलबा ढकलू नका. माती २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. काम पुन्हा सुरू होईल तेव्हा शेजारच्या भिंतीलगतचा पाया एकदम न उघडता साधारण मीटरभराच्या तुकड्यांत, एक सोडून एक असा खणा आणि भरा.

मे महिन्यात नवीन खणकाम सुरूच करू नये. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने पुन्हा शहर भरलं. आणि डबकं साचलं की मच्छरांसाठी नोटीस येते, ती जागामालकाच्या नावे येते, बिल्डरच्या नाही.

कॉलमच्या सळया दोन वर्षं उघड्या आहेत. त्याच वापरून पुढे बांधता येईल?

तपासल्याशिवाय नाही. वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने निघतो आणि त्याने काही बिघडत नाही. पापुद्रे सुटत असतील तर सळईचा मीटरभर तुकडा कापून, घासून वजन करा. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरायला हवी, ०.८३ च्या खाली गेली तर इंजिनिअर ती बदलायला किंवा शेजारी जादा सळई घालायला सांगेल. १६ मिलिमीटरची १.५८ किलो. सर्वांत वाईट जागा म्हणजे काँक्रीटमधून सळई बाहेर येते तो सांधा, तिथे पाणी थांबतं. दोन-चार ठिकाणी तो इंचभर फोडून बघा.

रहदारीला आडव्या येतात म्हणून वाकवून ठेवलेल्या सळया परत सरळ करू नका, वाकलेल्या जागी चिरा पडतात. झालेल्या काँक्रीटची हातोडा चाचणी आणि अल्ट्रासाउंड चाचणी करून घ्या, शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना, काढा. आणि काम थांबणार हे आधीच कळलं असेल तर सळयांना सिमेंटचा घट्ट घोळ फासून वर हलकं काँक्रीट घाला. तेवढं केलं असतं तर वरचा अर्धा मजकूर लागला नसता.

बिल्डरने मधल्या काळाचं भाडं देणं बंद केलं.

पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर प्रत्येक चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरा. "जरा थांबा, मग टाका" या विनंतीत चेक शिळा होतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार. एकही मुदत चुकवू नका.

चेक हा तसा दुबळा आधार आहे. करार करतानाच बँक गॅरंटी मागावी. सहा कुटुंबं, महिना ९,००० रुपये, २४ महिने म्हणजे १२,९६,००० रुपये. एवढी गॅरंटी ज्या बिल्डरला झेपत नाही त्याला इमारतही झेपणार नाही.

बिल्डर बदलता येतो का?

येतो, पण करार वाचल्याशिवाय कुलूप तोडू नका. कलम कोणतं मोडलं ते नेमकं लिहून रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या, करारात दिलेली सुधारण्याची मुदत संपू द्या. त्या दरम्यान स्वतंत्र इंजिनिअरकडून झालेल्या कामाची मोजणी आणि पंचनामा करून घ्या, नाहीतर जुना बिल्डर पुढे प्लिंथचं बिल तिप्पट लावतो. सोसायटी असेल तर ठराव सर्वसाधारण सभेत हवा, तीन पदाधिकाऱ्यांच्या चहात नाही. करारात लवाद असेल तर लवाद सुरू होण्याआधीही कोर्टाकडे तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो.

अडतं ते मुखत्यारपत्रावर. बिल्डरचा स्वतःचा हितसंबंध त्यात गुंतवलेला असेल तर ते नुसती नोटीस देऊन रद्द होत नाही. सही करताना "अपरिवर्तनीय" हा शब्द दिसला की थांबा. शिवाय सब-रजिस्ट्रारकडून इंडेक्स २ चा (नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीचा) शोध आणि सरसाईवर, म्हणजे गहाण मिळकतींच्या केंद्रीय नोंदवहीत, बोज्याचा शोध घ्या: तुमच्या जागेवर बिल्डरने कर्ज उचललं असेल तर नव्या बिल्डरला ते आधी कळायला हवं.

रेराकडे (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे) जाता येईल?

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. जुन्या शहरातले बरेचसे वाडे याच आकाराचे असल्यामुळे ही वाट त्यांना बंद असते. विक्रीच नसेल, फक्त मूळ रहिवाशांनाच घरं मिळणार असतील, तरी नोंदणी लागत नाही. प्रकल्प नोंदलेला असेल तर मात्र गांधीनगरला गुजरात रेराकडे तक्रार करा. ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात असायला हवा, नोंदणी संपली किंवा रद्द झाली तर राहिलेलं काम करण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेला मिळतो.

नोंदणी नसलेल्यांनी ग्राहक आयोगाचा विचार करावा. जमीन देऊन बदल्यात फ्लॅट घेणारा जमीनमालकही ग्राहक ठरू शकतो, हे फकीरचंद गुलाटी प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे.

फ्लॅटच्या सोसायटीत सगळ्यांची संमती लागते का?

२०१८ पासून गुजरातच्या मालकी फ्लॅट कायद्यात बदल झाला. बांधकाम परवानगीला २५ वर्षं झाली असतील किंवा इमारत धोकादायक जाहीर झाली असेल तर ७५ टक्के फ्लॅटमालकांची संमती पुरते. सोळा फ्लॅट असतील तर बारा. पण उरलेल्या चौघांना डावलून थेट जेसीबी आणू नका. त्यांचं क्षेत्रफळ आणि भाडं करारात इतरांसारखंच लिहा. संमतीपत्रावर फ्लॅट नंबर, तारीख आणि दोन्ही सहमालकांच्या सह्या घ्या. नवऱ्याची सही आहे आणि फ्लॅट दोघांच्या नावे आहे, एवढ्यावर आकडा ७५ च्या खाली आलेला असतो. हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींची योजना वेगळी आहे, त्यांनी हे उत्तर लागू धरू नये.

घर नाही तरी वेऱ्याचं बिल येतं.

पाडल्याचं लेखी कळवून आकारणी बदलून घेतली नसेल तर येणारच. फोटो आणि मीटर बंद झाल्याचा कागद जोडून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. मोकळ्या जागेचा वेरा तरीही राहील. थकबाकी असेल तर ती आधी भरा, पुढे प्रत्येक परवानगीला नो-ड्यूज मागतात.

बिल्डरशी करार झाला पण इमारत पूर्ण नाही. आयकर आत्ताच लागेल का?

व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल आणि करार नोंदवलेला असेल तर भांडवली नफ्याचा कर पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी धरला जातो. ही सोय २०१७ पासून आहे. दाखल्याच्या आधी तुम्ही आपला हिस्सा विकलात तर ती उरत नाही. नोटरीच्या करारालाही ती नाही.

काम सुरू होईपर्यंत जागा पार्किंगला दिली तर?

मंगळ बाजाराजवळ अशा जागेला मागणी असते आणि जागा नजरेखाली राहते, म्हणून कल्पना वाईट नाही. मात्र ११ महिन्यांचा लिव्ह-लायसन्स करार करा, रोख घेऊन तोंडी सांगू नका. पत्र्याचं छप्पर, गल्ला, लाइटचं स्वतंत्र मीटर यांतलं काहीही उभं करू देऊ नका. बारा वर्षं उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध कब्जा राहिला तर मालकी हक्कच धोक्यात येतो. करार संपल्यावर दोन दिवस जागा पूर्ण रिकामी करून कुलूप लावा, त्याचा फोटो काढा आणि मगच नवा करार करा. भिंतीला टेकू दिलेले असतील तर त्यांच्यापासून दोन मीटरपर्यंत गाडी येणार नाही असे दगड रोवा, कारण रिव्हर्समधल्या एका टेम्पोने टेकू सरकतो.